इंग्रजी आधी कानाला कळू द्या

खानापूर, निपाणी, चिकोडी किंवा बेळगाव तालुक्यातल्या मराठी शाळेतून चांगल्या गुणांनी दहावी झालेल्या मुलीला ‘पोस्टपोन’चा अर्थ विचारून बघा. पुढं ढकलणे, असं ती लगेच सांगेल. ‘टॉलरेट’ (सहन करणे), ‘इन्व्हेस्टिगेट’ (चौकशी करणे), ‘एक्स्टिंग्विश’ (विझवणे) हेही तिला येत असतं. मग तिलाच त्याच चार अर्थांचे ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘लुक इन्टू’, ‘पुट आउट’ विचारा. पुट म्हणजे ठेवणे, लुक म्हणजे बघणे, इथपर्यंत ती येते आणि अडते. इंग्लंडमधलं लहान पोर जे सहज बोलतं ते तिला कळत नाही, आणि जे तिथल्या कोर्टाच्या निकालपत्रात लिहिलं जातं ते तिला पाठ आहे.

यात तिची चूक नाही, तिला शिकवणाऱ्या बाईंचीही नाही. आपल्याकडं इंग्रजी ज्या वाटेनं आली ती वाटच तशी होती. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतर बराच काळ तिथं दरबाराची आणि कायद्याची भाषा फ्रेंच, चर्चची आणि विद्येची लॅटिन, आणि शेतातल्या-बाजारातल्या माणसांची तेवढी जुनी इंग्रजी, अशी विभागणी राहिली. आजच्या इंग्रजीत हे थर अजून दिसतात. ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ हे वरच्या थरातले. ‘पुट’, ‘गेट’, ‘गिव्ह’ आणि त्यांना चिकटणारे ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ हे खालच्या थरातले, घरातले. १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणानंतर हिंदुस्थानात शाळा-कॉलेजांतून जी इंग्रजी पसरली ती कलेक्टर कचेरीची, कोर्टाची, पुस्तकांची होती. वरचा थर आपल्याला मिळाला. भांडणात, लाडात, जेवताना जी बोलली जाते ती इंग्रजी शाळेपर्यंत पोचलीच नाही. बेळगावच्या कॅम्पात गोरी पलटण असायची, पण तिच्याशी रोजचं बोलणं यायचं ते खानसाम्यांना, धोब्यांना, भिश्त्यांना. त्यांनी नुसत्या कानावर जी इंग्रजी उचलली, तिला विद्या म्हणायची रीत आपल्याकडं नव्हती.

परक्या माणसाला हे जोडशब्द अवघड जातात ही गोष्ट खुद्द इंग्रजांनाही जुनीच माहीत आहे. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटंसं अव्यय जोडून अर्थ फिरवण्याची जी इंग्रजीची सवय आहे, तिथं परदेशी माणसाची सर्वांत मोठी अडचण होते. आज या जोडशब्दांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. बोलीतल्या इंग्रजीचा कणा तेच आहेत. म्हणी, वाक्प्रचार, तरुण पोरांची टपोरी भाषा हे सगळं त्याच्या मागून येतं.

माझं म्हणणं असं आहे की सीमाभागातल्या मराठी शाळांनी ही रोजच्या बोलण्यातली इंग्रजी अभ्यासात आणली पाहिजे. ती आधी ऐकून कळण्यासाठी शिकवावी, बोलण्यासाठी नंतर. आणि ती मराठी-कन्नडच्या आधारानं शिकवावी, त्या दोघींना वर्गाबाहेर उभं करून नव्हे.

याचं मोल कुठं कळतं, तर कामावर. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमध्ये, मशीन शॉपमध्ये, हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांमध्ये आपल्याच खेड्यांतली डिप्लोमा-आयटीआय झालेली मुलं आहेत. ड्रॉइंग त्यांना वाचता येतं. मायक्रॉन, टॉलरन्स, कास्टिंग, सरफेस फिनिश हे शब्द त्यांच्या तोंडात घोळलेले असतात. मग परदेशी गिऱ्हाइकाबरोबरच्या व्हिडिओ कॉलवर तिकडचा माणूस म्हणतो, ‘युअर पार्ट इज होल्डिंग अप द लाइन.’ होल्ड म्हणजे धरणे, अप म्हणजे वर. आपला पार्ट सगळी लाइन उचलून धरतोय, म्हणजे कौतुकच केलं असणार, असा अर्थ लावला तर तो शब्दकोशाप्रमाणं चुकीचा म्हणता येणार नाही. प्रत्यक्षात तो सांगत असतो की तुमच्या पार्टमुळं आमचं काम अडून बसलंय. तक्रार ऐकून मुलगा हसून मान डोलावतो. समोरच्याला वाटतं, याला काही पडलेली नाही. इथं त्याचं कसब कमी पडलेलं नसतं. एक छोटं अव्यय कळलेलं नसतं, आणि त्याच्या पगारवाढीवर, पुढच्या जबाबदारीवर परिणाम होतो तो त्या अव्ययाचा.

नर्सिंगचं त्याहून नाजूक. आपल्या भागातल्या कितीतरी मुली नर्सिंग शिकतात आणि आखातात, ब्रिटनमध्ये जाण्याची उमेद बाळगतात. पुस्तकात त्यांनी ‘व्हॉमिटिंग’ वाचलेलं असतं, ‘अनकॉन्शस’ वाचलेलं असतं. रुग्ण तसं बोलत नाही. तो म्हणतो, ‘आय थ्रू अप’, ‘आय पास्ड आउट’, ‘द पेनकिलर इज वेअरिंग ऑफ’. उलटी झाली, शुद्ध हरपली, दुखणं थांबवणाऱ्या गोळीचा असर उतरत चाललाय. दुखणाऱ्या माणसाला वरच्या थरातले शब्द सुचत नाहीत, कुठल्याच भाषेत सुचत नाहीत. आपली आजीही पोटात ‘वेदना होतात’ म्हणत नाही, ‘कळ मारतीया’ म्हणते.

‘पास आउट’चा आपल्याकडं तर वेगळाच घोळ आहे. ‘मी २०१९ ला पास आउट झालो’ म्हणजे कॉलेज पूर्ण केलं, हे आपल्याला कळतं. परदेशी माणसाला वाटतं, हा तेव्हा बेशुद्ध पडला होता. पण आपला वापर मनाचा नाही. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात जवानांचं प्रशिक्षण संपतं तेव्हा होणाऱ्या संचलनाला ‘पासिंग आउट परेड’च म्हणतात, आणि हा ब्रिटिश लष्कराचा अस्सल शब्दप्रयोग आहे. तेव्हा आपली इंग्रजी अशुद्ध आहे असं मुलांना शिकवू नये. कोणत्या माणसासमोर कोणता अर्थ निघतो तेवढं सांगावं.

बाजारात आज यावर जे औषध मिळतं ते मला घातक वाटतं. टिळकवाडीपासून खानापूरच्या स्टँडापर्यंत ‘फाडफाड इंग्रजी’च्या पाट्या लागलेल्या असतात. फी भरून मुलं जातात आणि त्यांच्या हातात पाचशे वाक्प्रचारांची झेरॉक्स येते. वर्णानुक्रमे, समोर मराठी अर्थ. त्यात ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हमखास असतं. आता कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यानं अंगावर घेतलाय त्याला मुसळधार पावसाचं वर्णन करावंसं वाटलं तर नवल नाही. पण हा वाक्प्रचार पाठ्यपुस्तकांत जेवढा भेटतो तेवढा आजच्या इंग्रज माणसाच्या तोंडी भेटत नाही. तो ‘पोअरिंग’ म्हणतो, फार तर ‘चकिंग इट डाउन’ म्हणतो. म्हणजे पुन्हा तेच, साधं क्रियापद आणि त्याला जोडलेलं अव्यय. पाचशेची यादी पाठ करणाऱ्या मुलाला तेच सापडत नाही. शिवाय पाठ केलेलं कुठंतरी वापरायची घाई होते, आणि मुलाखतीत ‘बर्निंग द मिडनाइट ऑइल’ येऊन बसतं, जिथं ‘आय वर्क्ड लेट’ पुरलं असतं.

वास्तविक ओझं केवढं आहे हे मोजलं गेलंय. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस या दोघांनी २००७ साली ब्रिटिश इंग्रजीच्या दहा कोटी शब्दांच्या संग्रहातले फ्रेजल व्हर्ब तपासले. त्यांना असं आढळलं की अवघी २० क्रियापदं आणि ८ अव्ययं यांच्या जोड्यांतून त्या सगळ्या वापरांपैकी अर्ध्याहून जास्त वापर होतात. गो, कम, टेक, गेट, पुट, लुक, टर्न, ही असली क्रियापदं, जी आपल्या मुलांना पाचवीतच भेटतात. पुढं २०१५ मध्ये मेलोदी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी सर्वांत जास्त वापरातल्या १५० फ्रेजल व्हर्बची आणि त्यांच्या नेमक्या चलनी अर्थांची यादी केली. दीडशे! पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं हाताशी असताना दीडशे जोडशब्द हे काही डोंगर उपसण्याचं काम नाही. वर्षाला पंचवीस आले तरी भागतं.

पण ते कसे शिकवायचे, हा खरा प्रश्न आहे, आणि इथं सीमाभागातल्या मुलांकडं जे आहे ते पुण्या-मुंबईच्या मुलांकडं नाही.

आपली मुलं कन्नड कशी शिकतात ते आठवा. पुस्तकातली कन्नड विचारते, ‘हेगिद्दीरि?’ म्हणजे कसे आहात? बाजारातली बाई विचारते, ‘हेंगदीरि?’ पुस्तकात ‘ऊट आयिता?’ म्हणजे जेवण झालं का, असं असतं, बसमध्ये शेजारचे काका ‘ऊटा आतेन्री?’ म्हणतात. बोलीतल्या कन्नडची झेरॉक्स कुणी कुणाला वाटली नव्हती. मुलांनी आधी ऐकलं, बरेच दिवस नुसतं ऐकलं. मग मान हलवून उत्तर दिलं, मग एका शब्दात, मग एक दिवस भाजीवालीशी घासाघीस करून मोकळी झाली. घरी मराठी, कचेरीत कन्नड, पेठेत दखनी वळणाची हिंदी, खानापूरच्या पश्चिमेला कोकणी. एवढ्या भाषा कानावर घेणारं पोर भाषेत कच्चं आहे असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचा कान तयार आहे. शाळेत इंग्रजीच्या तासाला आपण तो कान वापरतच नाही. डोळा आणि पेन एवढंच वापरतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. क्रियापदाला जोड देऊन अर्थाला कलाटणी द्यायची, ही युक्ती मराठीत आणि कन्नडमध्ये मुळातच आहे. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांतला फरक आपल्या तीन वर्षांच्या मुलाला कळतो. ‘टाक’चा फेकण्याशी तिथं काही संबंध उरलेला नसतो, काम पुरं कर, शिल्लक ठेवू नकोस, एवढंच तो सांगतो. ‘करून बसला’ म्हटलं की कुणी खुर्चीवर बसत नाही. नको ते करून ठेवलं, असा अर्थ होतो. ‘लिहून काढ’, ‘सांगून ठेव’, ‘निघून जा’, ‘रडून घे’. कन्नडमध्ये ‘माडु’ म्हणजे कर आणि ‘माडिबिडु’ म्हणजे करून टाक. तिथलं ‘बिडु’ म्हणजे एरवी सोडणे. आता इंग्रजीतलं ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘फिनिश अप’ घ्या. तिथलं ‘अप’ वर जात नाही, ते आपल्या ‘टाक’चं आणि कन्नड ‘बिडु’चं काम करतं. मराठी-कन्नड दुसरं क्रियापद जोडतात, इंग्रजी अव्यय जोडते, एवढा फरक आहे. तो फरक बाईंनी फळ्यावर एकदा मांडून दाखवला की ‘ईट अप’ हे कोडं राहत नाही, ओळखीचं होतं.

हे केवळ माझं वाटणं नाही. १९८५ साली डागुट आणि लाउफर या अभ्यासकांनी इस्रायलमधल्या हिब्रू भाषक विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की ती मुलं फ्रेजल व्हर्ब टाळतात आणि त्याऐवजी एकशब्दी क्रियापद घेतात, अगदी आपल्या मुलांसारखी. हिब्रूत अशी रचना नाही. पुढं १९९३ मध्ये लाउफर आणि एलियासन यांनी स्वीडिश मुलं तपासली; त्यांच्या भाषेत ती रचना आहे, आणि त्यांच्यात असं टाळणं आढळलं नाही. म्हणजे आपल्या भाषेत जे आहे त्याचा परक्या भाषेत आधार मिळतो. आपल्याकडं तो आधार अर्धा का होईना आहे, पण शिक्षकानं दाखवला नाही तर मुलाला दिसत नाही, कारण वर्गात मराठी शब्द निघाला की ‘टॉक इन इंग्लिश’ म्हणून त्याला गप्प केलं जातं. मातृभाषेला दाराबाहेर ठेवून शिकवलेली इंग्रजी मला अपुरी वाटते, आणि त्यामुळं पालकांना मी छातीठोकपणे सांगतो की या एका बाबतीत चांगली मराठी शाळा मध्यम दर्जाच्या इंग्रजी शाळेपेक्षा पुढं जाऊ शकते.

आता कानाकडं वळू. लिहिताना ‘पुट इट ऑफ’ हे तीन शब्द आहेत. अमेरिकन माणसाच्या तोंडून ते ‘पुडिडॉफ’ असे एकसंध येतात. ‘गेट आउट ऑफ इट’ हे ‘गेडाउडविट’ होतं. वाचून शिकलेल्या मुलाला यातला एकही शब्द ओळखू येत नाही, आणि त्याला वाटतं समोरचा फार अवघड इंग्रजी बोलतोय. पुण्याहून नवीन बदली होऊन आलेल्या माणसाला आपलं ‘काय करालायस?’ ऐकून हेच वाटतं. ‘करायला लागला आहेस’ यातलं काय कुठं गेलं हे त्याला उमगत नाही. बोलताना भाषा आखडते, शब्द एकमेकांत शिरतात. हे आपल्याला स्वतःच्या बोलीवरून ठाऊक आहे, तर मुलांना तसंच सांगावं. आणखी एक साधी खूण सांगावी: फ्रेजल व्हर्बमध्ये आवाजाचा जोर बहुतेक वेळा मागच्या अव्ययावर पडतो. ‘पुट इट ऑफ’मध्ये ‘ऑफ’ ठळक ऐकू येतं. तो ठळक आवाज पकडायची सवय लागली की निम्मा अर्थ हातात येतो. ही सवय पुस्तकानं लागत नाही. ऐकवावंच लागतं, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात.

टपोरी भाषेबद्दल, म्हणजे स्लँगबद्दल, थोडक्यात सांगतो. ती शिकवू नये. मुलं रील्समधून, मोबाइल गेम खेळताना ती आपसूक उचलतात, आणि ती शिळी होण्याचा वेग इतका असतो की छापील पुस्तकात यायच्या आत ती म्हातारी झालेली असते. ‘रिझ’ (समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी) हा शब्द ऑक्सफर्डनं २०२३ सालचा शब्द म्हणून निवडला. पाच वर्षांनी तो कुणी बोलेल की नाही, सांगता येत नाही. स्लँग ही त्या-त्या टोळक्याची खूण असते. टोळक्यातल्यानं वापरली तर जवळीक, बाहेरच्यानं वापरली तर आगाऊपणा. त्यातही देशोदेशी फरक. ‘पिस्ड’ म्हणजे ब्रिटनमध्ये दारू प्यालेला आणि अमेरिकेत चिडलेला. मुलांना एवढं माहीत असावं की हा शब्द ऐकला तर अर्थ विचारावा आणि आपण वापरू नये. हो, एक गोष्ट मात्र त्यांना जरूर सांगावी. ब्रिटिश बोलीत ‘डूलॅली’ म्हणजे डोकं फिरलेला. हा शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून पडलाय. घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत कंटाळलेल्या गोऱ्या सैनिकांवरून तो आला. ‘टेक अ डेक्को’मधलं ‘डेक्को’ हे आपलं ‘देखो’. इंग्रजांची अनौपचारिक भाषाही अशीच ऐकून-ऐकून, उष्टी-खरकटी गोळा करत वाढली. मुलांना हे कळलं तर त्या भाषेपुढं मान खाली घालून उभं राहायची जी सवय आहे ती थोडी सुटेल.

बोलीतल्या इंग्रजीत ज्याकडं सगळ्यांत कमी लक्ष जातं ती गोष्ट म्हणजे मान राखणं. आपल्याला तू आणि तुम्ही आहे. कन्नडमध्ये नी आणि नीवु आहे, शिवाय प्रत्येक क्रियापदाला ‘री’ लावून आदर करता येतो: ‘बर्री’ (या), ‘कूड्री’ (बसा). आपणही ‘या की हो’ म्हणतो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मग मान दाखवायचा कुठं? तो वाक्याला दिलेल्या वळणातून दाखवतात. ‘सेंड मी द फाइल’ हे व्याकरणानं अगदी बरोबर आहे, आणि साहेबाला, गिऱ्हाइकाला ते हुकमासारखं लागतं. ‘कुड यू सेंड मी द फाइल व्हेन यू गेट अ चान्स’ म्हटलं की तीच मागणी ‘जमेल तेव्हा पाठवाल का’ अशी होते. ‘आय वॉज वंडरिंग इफ’, ‘वुड यू माइंड’, ‘अ बिट’, ‘सॉर्ट ऑफ’ ही सगळी मऊ करणारी भर आहे. ‘यू आर राँग’ऐवजी ‘आय ॲम नॉट शुअर अबाउट दॅट’. आपली मुलं उद्धट नसतात. ज्या घरात मोठ्यांना अरे-तुरे केलं तर जेवण मिळत नाही अशा घरांतली ती असतात. पण परक्या भाषेत त्यांचा आदर पोचत नाही, कारण तो कुठं ठेवायचा हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पाचशे वाक्प्रचारांपेक्षा ही दहा-बारा वळणं मला हजारपट गरजेची वाटतात.

शिक्षक मंडळी यावर एक रास्त हरकत घेतात. मुलांना साधं ‘डझ’ आणि ‘डू’ कळत नाही, भूतकाळ लिहिता येत नाही, त्यात हे नवीन कशाला? वर्गात उभं राहून रोज ते झेलणाऱ्यांची ही हरकत हलकी नाही. पण पहिलीच्या वर्गात पोरांच्या कानावर पडणारी पहिली इंग्रजी कुठली? ‘स्टँड अप.’ ‘सिट डाउन.’ ‘कम इन.’ तिन्ही याच जातीची. त्यांचा अर्थ मुलांनी व्याकरणाशिवाय, भाषांतराशिवाय, नुसतं ऐकून आणि करून ओळखला, आणि तो जन्मभर विसरला नाही. बोलीतली इंग्रजी ही व्याकरणानंतरची पायरी नाही. ती त्याच्या आधीही सुरू झालेली असते. आपण पहिलीनंतर तिला सोडून देतो, एवढंच. भूतकाळसुद्धा ‘गेव्ह अप’, ‘केम बॅक’, ‘रॅन आउट’ यांतूनच जास्त पक्का होईल, कारण अनियमित रूपं बहुतेक या छोट्या क्रियापदांचीच आहेत.

दुसरी हरकत आपल्या चळवळीतल्या माणसांची, आणि ती माझ्या जवळची आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून इथला मराठी माणूस भाषेसाठी झगडतोय. २००४ पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा वेळी मराठी शाळेत इंग्रजीचं कौतुक कशाला? माझं उत्तर असं की मराठी शाळा टिकली तर मराठी टिकेल, आणि शाळा आज ओस पडताहेत त्याचं मोठं कारण इंग्रजीबद्दलची पालकांची धास्ती आहे. ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मातृभाषेचं माध्यम सरकार शाळांवर लादू शकत नाही. कायद्यानं मुलं मराठी शाळेत राहतील हा मार्ग बंद आहे, आणि सक्तीनं राहावीत असं मला वाटतही नाही. पालकाला पटलं पाहिजे की इथं शिकूनही माझ्या मुलाला जगाचं बोलणं कळेल. एका पिढीचं शाळेचं वय दहा वर्षांत संपतं. दाव्याच्या तारखांना तेवढी घाई नसते.

तिसरं म्हणणं असतं की भारतीय इंग्रजी आपली आहे, गोऱ्यांची नक्कल कशाला? बोलण्यापुरतं मला हे शंभर टक्के मान्य आहे. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडं आणणे) खुशाल म्हणावं. आपल्या उच्चारांची लाज धरू नये. जर्मन किंवा जपानी गिऱ्हाइकाशी बोलताना तर साधी, सरळ इंग्रजीच बरी, कारण तोही ती शिकूनच आलेला असतो. व्हिएन्नाच्या भाषाभ्यासक बार्बरा सायडलहोफर यांनी दाखवून दिलंय की दोन परभाषक बोलत असताना एकानं खास वाक्प्रचार वापरला आणि दुसऱ्याला तो माहीत नसला, तर संवाद तिथं अडतो. म्हणून बोलताना साधं बोला. पण समोरचा काय बोलेल ते आपल्या हातात नसतं. ते कळायलाच हवं, आणि मी सगळा भर ऐकण्यावर देतोय तो याचसाठी.

करायचं काय, तर फार खर्चाचं काही नाही. दहावीची परीक्षा मुख्यतः लेखी आहे, म्हणून शाळाही लेखीच शिकवते; तोंडी आणि ऐकण्याच्या कामाला शाळेनं आपल्या अंतर्गत गुणांत तरी खरं स्थान द्यावं. आठवड्यातला एक तास पुस्तक मिटून, मोबाइल आणि एक स्पीकर एवढ्यावर चालवावा. दोन मिनिटांचं बोलणं ऐकवावं: विमानतळावरची घोषणा, दवाखान्यातला संवाद, क्रिकेटचं इंग्रजी समालोचन. ते तीनदा ऐकवावं. पहिल्यांदा काय विषय आहे, दुसऱ्यांदा कोणता जोडशब्द कानावर आला, तिसऱ्यांदा त्याला मराठीत काय म्हणू आणि कन्नडमध्ये काय म्हणू. उत्तर मराठीत दिलं तर ते चुकीचं धरू नये. कळलं की नाही एवढंच तपासायचंय. बाईंना स्वतःला हे अवघड वाटत असेल तर त्यांना कमीपणा न आणता शिकण्याची सोय करावी, कारण त्यांनाही कुणी हे शिकवलेलं नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत लोक वर्गणी काढून मराठी साहित्य संमेलनं भरवतात. ज्या गावांना साहित्यासाठी मांडव घालता येतो त्यांना शाळेच्या ऐकण्याच्या तासासाठी एक स्पीकर देणं आणि सुट्टीत शिक्षकांचं आठवडाभराचं शिबिर घेणं जड नाही.

आणि यादी? ती बाहेरून विकत आणू नये. प्रत्येक शाळेचे माजी विद्यार्थी आज पुण्यात, बंगळूरात, गोव्यात, दुबईत आहेत. कामावर ज्या इंग्रजी बोलण्यानं त्यांना अडवलं तेच त्यांनी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजात पाठवावं: कोण म्हणालं, कशावरून म्हणालं, मला आधी काय वाटलं आणि खरं काय होतं. शाळेनं ते एका वहीत उतरवावं, शेजारी मराठी आणि कन्नड तोड लिहावी. दोन-तीन वर्षांत गार्निए आणि श्मिटच्या यादीशी ती वही ताडून पाहता येईल. ज्या जोड्या दोन्हीकडं निघतील त्या आठवी-नववीला आधी घ्याव्यात. ज्या फक्त आपल्या वहीत असतील, उद्यमबागेच्या, हॉस्पिटलच्या, हॉटेलच्या कामातल्या, त्या दहावीनंतर कामाला लागणाऱ्या मुलांसाठी उन्हाळ्यात वेगळ्या शिकवाव्यात, फी न घेता, शाळेच्याच वर्गात.